पंचावन्न आणि पंचावन्न

शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं क्लार्क म्हणून बसलेल्या त्या गृहस्थांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलंसं नाव होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शाळेत लहानथोर सगळे त्यांना रकानेकाका म्हणत. खिडकीशी कुणी फॉर्म घेऊन आलं की काका चष्मा कपाळावर चढवत, कागद नाकाजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचत आणि हमखास म्हणत, "रकाना रिकामा ठेवायचा नाही." एकदा एका बापानं 'शरीरावरील खूण' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं, तर काकांनी पोराचे दोन्ही हात उलटेसुलटे करून तपासले. कोपराजवळ एक तीळ सापडला तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाच्या बाजूचा होता. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर घडली आणि कागदावर आली नाही, तर ती घडली याची त्यांना पक्की खात्री वाटत नसे. अक्षर मात्र असं की छापखान्यानं शरमावं. शाळेतले सगळे कॅटलॉग, म्हणजे ज्यांत रोजची हजेरी मांडतात त्या लांबट वह्या, दर वर्षी काकांच्याच हातचे असत. नावं उतरवून घेताना ते मूळ यादीवर लाकडी पट्टी आडवी ठेवत आणि एकेक नाव लिहून झालं की पट्टी एक ओळ खाली सरकवत. तेवढा वेळ फोन वाजला तर वाजू दे, शिपाई चहा ठेवून गेला तर निवू दे. चुकलेली नोंद लाल शाईनं खोडून शेजारी सही करायची असा ऑफिसचा नियम होता. सत्तावीस वर्षांत काकांच्या रजिस्टरात लाल शाई पडली नव्हती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि निरोपाच्या भाषणात ही गोष्ट आपण कशी विनयानं सांगायची, याची ते आंघोळ करताना तालीम करत. काकूंना ते भाषण बंद दारातूनच पाठ झालं होतं.

अशा या सुरळीत आयुष्यात एक दिवस मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, त्यांना केबिनमध्ये बोलावलं. नववी आणि दहावीतले अकरा जण शाळेत यायचे बंद झाले होते. अकराही मुलगे, मुलगी एकही नाही.

"वरच्या ऑफिसचं पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही दाखल्यावर दर वेळी 'घरगुती कारण' लिहिता ना, ते आता चालणार नाही म्हणतात. शाळा का सोडली ते खरं कारण हवंय."

"खरं?" काकांनी असं विचारलं की जणू बाईंनी दाखल्यावर कविता लिहायला सांगितली होती.

"पाच कारणं त्यांनीच छापून पाठवलीत. नोकरी, स्थलांतर, आजारपण, लग्न आणि इतर. त्यातलं एक लिहायचं, पण मुलाला विचारून."

काकांनी ती पाच कारणं आपल्या सुरेख अक्षरात लिहून खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि अकरा जणांना निरोप धाडले. पोरं एकेक करून आली. ओठावर कोवळी मिसरूड, हात खिशात, नजर काकांच्या डोक्यावरच्या पंख्याकडे. काकांनी प्रत्येकाला कागद दिला. एकानं लिहिलं, 'बाकात पाय मावत नाहीत.' दुसऱ्यानं लिहिलं, 'फळ्यावरचं सातवीपासून कळत नाही. तेव्हा विचारलं नाही, आता विचारायची लाज वाटते.' तिसऱ्याचं म्हणणं असं की वर्गात काही आवाज झाला की सर न बघता त्याचंच नाव घेतात, त्या दिवशी तो आला नसला तरी घेतात. एकानं नुसतं 'कंटाळा' लिहून खाली झोकात सही ठोकली होती. काकांनी पेन्सिलीनं एकेक कारण काचेवरच्या यादीशी ताडून पाहिलं आणि अकराच्या अकरा कागदांवर 'इतर' असं लिहिलं. खरं तर तो बाकाचा कागद वाचून त्यांना जरा चुटपुट लागली होती. पण बाकांची उंची हा विषय त्यांच्या टेबलाचा नव्हता.

अकराही कागद रवाना झाले, काकांनी हात झटकले आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीत बारावा उभा राहिला.

हा चांगलाच उंच होता. इतका की खिडकीतून काकांना त्याची फक्त हनुवटी आणि शर्टाचं वरचं बटण दिसत होतं. पोरं त्याला खांब म्हणत.

"काका, दाखला पाहिजे."

"कसला?"

"शाळा सोडल्याचा. नववी ब."

काकांनी गैरहजर मुलांची यादी काढली. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. "तुझं नाव यात नाही. म्हणजे तू शाळेत येतोयस."

"मी येत नाही, काका."

"यादीत नाहीस म्हणजे येतोयस."

"चार महिने झाले, मी आलेलो नाही."

"कागदावर येतोयस ना? मग झालं तर!" काका म्हणाले. नववी ब ची हजेरी मांडताना गणिताच्या बाईंचा हात सैल असतो, हे त्यांचं जुनं मत होतं आणि ते खरं ठरल्याचा त्यांना थोडा आनंदही झाला. तरी मागेल त्याला फॉर्म देणं भाग होतं. खांबानं तो तिथंच भिंतीला टेकवून भरला आणि परत दिला. आईची सही होती, पत्ता होता, खूण होती. फक्त 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना कोरा होता.

"रकाना रिकामा ठेवायचा नाही," काका म्हणाले. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या ठोक्याला तो हजर. रकान्यात 'घरगुती' लिहिलं होतं. काकांनी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं 'आजारपण' लिहून आणलं.

"कोण आजारी आहे?"

"मी."

"काय होतंय?"

खांबानं थोडा विचार केला. "काही नाही."

"मग उद्या ये."

असं ते सुरू झालं. शाळेत येत नाही म्हणून शाळा सोडायला निघालेला मुलगा शाळा सोडण्यासाठी रोज वेळेवर शाळेत येऊ लागला. यात काही गंमत आहे हे काकांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले आणि आलं तेव्हा ते एकटेच खुदकन हसले. आता आलाच आहे तर नुसतं उभं कशाला राहायचं, म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं. माळ्यावरच्या जुन्या फायली त्यानं स्टूल न घेता काढून दिल्या. लोखंडी कपाटाचा तिसरा कप्पा गेली पाच वर्षं अडकून बसला होता. त्याच्यापुढं मोठमोठ्यांनी हात टेकले होते. खांबानं तो गुडघ्यावर बसून निरखला, शिपायाकडून तेलाचे चार थेंब मागून घेतले, कुठंतरी खालून एक बुक्की मारली आणि कप्पा सुरळीत बाहेर आला. आत काकांचा एक जुना चष्मा निघाला. तो हरवल्याबद्दल त्यांनी बिचाऱ्या शिपायाला दोन वर्षं धारेवर धरलं होतं. शिपाई त्या दिवशी दिवसभर विनाकारण खिडकीसमोरून फिरत होता.

पाचव्या दिवशी खांब वीस मिनिटं उशिरा आला. काकांनी घड्याळाकडं बोट केलं. "ही वेळ झाली यायची? मी काय तुझी वाट बघत बसायचं? मला दुसरे उद्योग नाहीत?" खांब मान खाली घालून उभा राहिला, पण त्याचं तोंड काही रागावल्यासारखं दिसत नव्हतं. कोडगा आहे, काकांनी मनाशी म्हटलं.

त्याच दुपारी त्याची आई आली. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. साबणानं बोटांची टोकं पांढरी पडलेली, आणि अर्ध्या तासाची सुट्टी काढून आल्यामुळं बोलणं घाईचं.

"साहेब, दाखला देऊन टाका. माझ्या भावाचा दुकानांची शटरं बनवायचा कारखाना आहे. शिकाऊ म्हणून याचं नाव घालायचंय, त्याला दाखला लागतो. एक तारखेपर्यंत जागा ठेवतो म्हणालाय. नंतर दुसरा मुलगा घेणार."

"घेऊ दे की दुसरा. हा शिकेल."

"मला काय हौस आहे का साहेब? सही माझी आहे, मन माझं नाही त्यात." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेल्या वर्षापर्यंत एक दिवस चुकवला नाही यानं. आता काय झालं विचारलं तर एकच बोलतो. म्हणतो, आई, मी तिथं नाहीच आहे. हे काय बोलणं झालं?"

"वयच तसं असतं, ताई," काका मोठ्या समजूतदारपणे म्हणाले. "मिसरूड फुटली की पोरं असं गूढगूढ बोलायला लागतात. आपण लक्ष द्यायचं नाही."

पुढं त्यांना हे वाक्य आठवलं की बसल्या जागी कानशिलं तापत. पण त्या दिवशी आपण एका आईची छान समजूत घातली असंच त्यांना वाटलं, आणि संध्याकाळी घरी त्यांनी ते काकूंना सांगितलंही.

काकू शाळेचे गणवेश शिवत. पुढच्या खोलीत मशीन, त्याच्यामागं खाकी आणि निळ्या कापडाचे ढीग, आणि त्यातून वाट काढत काकांनी आपल्या खुर्चीपर्यंत जायचं. शाळेतल्या साडेसहाशे मुलांना काका नावानं आणि नंबरानं ओळखत. काकू त्यांना कमरेनं आणि उंचीनं ओळखत.

"तो खांब?" मशीन थांबवून काकू म्हणाल्या. "आठवीत दोनदा त्याची पँट उसवून लांब करून दिली मी. या वर्षी मात्र नवीन शिवून घेतली, शाळा सुरू व्हायच्या आधी. घालून बघितली आणि आरशासमोरून हलेना बाई. शेवटी मीच म्हटलं, अरे, आता जा, आरसा झिजेल."

"बरं मग?"

"मग काय? ज्याला शाळा सोडायचीय तो नवी पँट कशाला शिवेल?"

"पँट हे काही कारण होत नाही. यादीत नाही ते."

"तुमची यादी घाला चुलीत," असं म्हणून काकूंनी मशीन पुन्हा सुरू केलं. काका यावर काहीतरी म्हणाले, पण मशीनच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही.

महिना संपायला एक दिवस राहिला. फॉर्म सातव्यांदा आला होता आणि या वेळी कारणाचा रकाना पुन्हा कोराच होता. आईचा निरोप आला होता, मामा खोळंबला होता, आणि काकाही कंटाळले होते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी ठरवलं, आपणच 'नोकरी' लिहून मोकळं व्हावं. दाखल्याचं कोरं पान घेतलं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग रकाना आला, 'चालू वर्षी हजर दिवस'. त्यासाठी ते वर जाऊन नववी ब चा कॅटलॉग घेऊन आले आणि पट्टी ठेवून नाव शोधू लागले.

नाव नव्हतं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं डोळे शिणले. चष्मा पुसला. परत पंचावन्न नावं वाचली. मग अ तुकडीचा कॅटलॉग आणला, त्यातली पंचावन्न वाचली. तिथंही नव्हतं. काकांनी गेल्या वर्षीची आठवीची यादी काढली, जिच्यावरून त्यांनी स्वतःच्या हातानं या दोन तुकड्या पाडल्या होत्या. एक नाव अ ला, एक ब ला, पुन्हा एक अ ला. तिसऱ्या पानाच्या तळाशी, शेवटच्या ओळीत, खांबाचं नाव होतं. स्पष्ट, ठसठशीत. काकांनी पट्टी त्या पानावर त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं ठेवून पाहिली. शेवटून दुसऱ्या नावाखाली पट्टी ठेवली की शेवटचं नाव बरोब्बर तिच्याखाली झाकलं जात होतं.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. दोन्ही याद्या पुऱ्या करून त्यांनी बेरीज मारली होती. पंचावन्न आणि पंचावन्न. इतकी सारखी वाटणी झालेली बघून त्यांना एवढा आनंद झाला होता की मूळ यादीत किती नावं आहेत हे मोजायचं त्यांना सुचलंच नाही. ती एकशे अकरा होती. उलट त्यांनी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं होतं, "बघा बाई, एक मूल इकडंतिकडं नाही."

शाळेत हजेरी नंबरानं घेत. सुरुवातीलाच मुलांना नंबर वाटले जात आणि मग वर्षभर बाई नुसतं एक, दोन, तीन म्हणत. ज्याला नंबर नाही त्याला हाक नाही. ज्याला हाक नाही तो आला काय अन् न आला काय, कॅटलॉगला पत्ता नाही. म्हणून तर तो गैरहजरांच्याही यादीत नव्हता. मी तिथं नाहीच आहे, असं पोरगं आईला सांगत होतं आणि त्यात गूढ असं काहीही नव्हतं. ते सरळ सांगत होतं.

समोर अर्धा भरलेला दाखला होता. त्यात 'नोकरी' लिहून सही केली की मुलगा उद्या शटरं बनवायला जाईल, मामा खूश होईल, आणि नववीच्या दोन्ही तुकड्यांत पंचावन्न आणि पंचावन्न मुलं राहतील. ही चूक या जगात कुणालाही, कधीही सापडणार नाही. आणि मुलगा ठेवायचा तर कॅटलॉगात लाल शाई, शेजारी सही, मोठ्या बाईंना खुलासा, वरच्या ऑफिसला पत्र. तेही चौदा महिने राहिलेले असताना. काका कात्रीत सापडले होते, आणि ती कात्री त्यांनीच धार लावून ठेवलेली होती.

घरी त्यांना जेवण जाईना. काकूंनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसत्या समोर येऊन बसल्या. मग काकांनी सगळं सांगून टाकलं.

काकूंनी ऐकून घेतलं. "एक चूक," त्या म्हणाल्या.

"सत्तावीस वर्षांत एक," काका पडेल आवाजात म्हणाले.

"एक सापडली. मला तर वाटत होतं, शंभर तरी असतील." मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून काकूंनी चिडवणं सोडलं. "जेवा आता. सकाळी जे करायचं ते तुम्हाला कळलंय, म्हणून तर घास उतरत नाही."

सकाळी साडेदहाला खिडकीत हनुवटी दिसली. काकांनी बाजूचं दार उघडलं, खांबाला आत बोलावलं आणि आपल्या समोरच्या, फक्त पालकांसाठी असलेल्या खुर्चीवर बसायला सांगितलं. एका बाजूला दाखला होता, दुसऱ्या बाजूला कॅटलॉग. काकांनी घसा साफ केला. पुढं जे बोलायचं होतं त्याची आंघोळीत तालीम झालेली नव्हती.

"हे बघ. माझ्याकडून चूक झालीय. कॅटलॉगात तुझं नाव लिहायचं राहिलं. माझ्याच हातून."

"माहीत आहे," खांब म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"नाव नाही ते. मित्र ब मध्ये होते म्हणून तिथं बसलो, आणि पहिल्याच आठवड्यात बघितलं मी. कॅटलॉग मीच आणायचो ना वर्गात. बाई तो स्टाफरूमच्या कपाटावर ठेवतात, कुणाचा हात पोचत नाही. मग मला म्हणायच्या, ए उंच, कॅटलॉग आण. मी आणून द्यायचो, मग त्या हजेरी घ्यायच्या."

"अरे, मग सांगायचं नाही?"

"आलो होतो इथं एकदा. तुम्ही लिहीत होतात. वर न बघता म्हणालात, काय असेल तो अर्ज लिहून आण."

"मग आणायचास अर्ज!"

"काय लिहू अर्जात? मी आहे म्हणून?"

काकांनी इतक्या वर्षांत हजारो अर्ज तपासले होते. असा नमुना त्यांच्या फायलीत नव्हता.

"मग म्हटलं, बघू तरी," खांब बोटानं टेबलाच्या कडेचा पोपडा काढत म्हणाला. "किती दिवसांनी कुणाच्या लक्षात येतंय."

"किती दिवस बघितलंस?"

"एकोणचाळीस."

बाहेर खेळाच्या तासाची पोरं जिन्यावरून धावत गेली. एकोणचाळीस दिवस नवी पँट घालून हे पोर रोज येऊन बसलं होतं आणि पंचावन्न आकडे ऐकून घरी जात होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, कारण रुमाल सापडेना.

"एक सांग," थोड्या वेळानं ते म्हणाले. "काचेवर 'नोकरी' लिहिलेलं आहे. तू ते रोज वाचत होतास. पहिल्या दिवशी लिहिलं असतंस तर त्याच दिवशी दाखला मिळाला असता. मग इतके दिवस कशाला येत राहिलास?"

खांबानं खांदे उडवले. "इथं उशीर झाला की तुम्ही ओरडायचात."

काकांनी कॅटलॉग पुढं ओढला. लाल पेन मोठ्या बाईंच्या शिपायाकडून मागून आणावा लागला. पंचावन्नच्या खाली पान संपत होतं, म्हणून पान उलटून त्यांनी छप्पन्न आकडा घातला, त्यापुढं खांबाचं नाव लिहिलं आणि शेजारी 'लिपिकाच्या चुकीने राहिले' असं लिहून सही केली. लाल शाईतही अक्षर तसंच सुरेख आलं, त्याला ते तरी काय करणार?

"आता सगळे किती पुढं गेले असतील," खांब त्या नावाकडं बघत म्हणाला. "मला काही यायचं नाही. आणि मामाला काय सांगू?"

"मामाला सांग, क्लार्कनं दाखला अडवून ठेवलाय. फार खडूस आहे म्हणावं. सुट्टीच्या दिवशी जात जा त्याच्याकडं, काम शीक. अभ्यासाचं मला काही कळत नाही बाबा, मी क्लार्क आहे. तुला गणित जमेल की नाही, वर्षअखेर तू टिकशील की नाही, मी कशाचीही खात्री देत नाही." काकांनी कॅटलॉग मिटला. "एकच सांगतो. आजपासून तू आला नाहीस तर ते लिहिलं जाईल. मी रोज येऊन बघेन."

मोठ्या बाईंना त्यांनी तोंडीच सांगितलं. बाईंनी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. काकांनी चूक केली यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्यांना ताप असेल यावर विश्वास ठेवणं बाईंना सोपं जात होतं. विश्वास बसल्यावर त्यांनी पत्राचं काय ते बघू म्हणून सांगितलं आणि त्या अकरा कागदांच्या नकलांची फाईल मागवली. काकांनी ती दिली. त्या अकरांपैकी कुणी परत आलं नाही, हेही इथं सांगून टाकलेलं बरं. दोघांना काकांनी स्वतः जाऊन गाठलं, तर त्यांनी काकांना चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं. त्यांची नावं यादीत अगदी व्यवस्थित होती. नाव नसल्यामुळंच पोरगं तुटतं असं थोडंच आहे?

पण त्या दिवशी दुपारच्या सत्राला काका स्वतः कॅटलॉग घेऊन नववी ब च्या वर्गात गेले, बाईंच्या हातात दिला आणि परत न येता दारातच उभे राहिले. गणिताच्या बाईंना वाटलं, काहीतरी तपासणी असावी. त्यांनी मान खाली घालून भराभर नंबर घ्यायला सुरुवात केली. खांब शेवटच्या बाकावर बसला होता, गुडघे बाकाच्या बाहेर काढून.

"त्रेपन्न. चोपन्न. पंचावन्न." बाई कॅटलॉग मिटायला लागल्या.

"बाई," दारातून काका म्हणाले, "पान उलटा."

बाईंनी पान उलटलं. "छप्पन्न?"

कुणीच उत्तर दिलं नाही. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. खांबही इतरांसारखाच इकडंतिकडं बघत होता. मग शेजारच्यानं त्याला कोपर मारलं आणि तो दचकून उभा राहिला. "हजर!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की फुटू लागलेला आवाज मध्येच चिरकला आणि सगळा वर्ग खो खो हसत सुटला. त्यालाही हसू आवरेना.

बाईंनी मान वर केली. त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा लाल शाईतल्या ओळीकडं पाहिलं, आणि कपाटावरून रोज कॅटलॉग काढून देणारा मुलगा त्यांना ओळखू आला.

"तू?" त्या म्हणाल्या. "तुझा नंबरच नव्हता?"

वर्गातलं हसणं थांबलं.

"नव्हता, बाई," खांब म्हणाला.

बाईंनी छप्पन्नसमोर हजेरी मांडली आणि त्याला खाली बसायला सांगितलं.